डोंगल लिनक्सवर चालतो, फक्त क्रम चुकवू नका

मामाच्या पोरीचा फोन आला. राधानगरी रस्त्याला त्यांचं गाव, घरामागं डोंगर, मोबाईलला घरात एकच काडी आणि ती पण माळ्यावरच्या खिडकीत. लॅपटॉप जुना, विंडोज त्यावर इतकं जड झालेलं की काम करायची इच्छाच जायची, म्हणून दिवाळीत मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलेलं. आता तिनं कपाटातला जुना हुआवेचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा सिमवाला मॉडेम, काढून लावला तर म्हणाली, "दादा, नेट येतच नाही, नुसती सीडी घातल्यासारखी एक विंडो उघडतीय, त्यात सेटअप नावाची फाईल आहे, ती दाबली की काहीच होत नाही." त्याआधी शहरातल्या एका दुकानात विचारून आलेली, तिथं सांगितलं की लिनक्सवर डोंगल चालतच नाही, विंडोज टाकून घ्या, आणि त्याचे पैसे पण सांगितले.

हे खरं नाही. डोंगल चालतो, तिचाही चालला, सगळं फोनवर बोलत बोलत तासाभरात झालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांनी नुकतंच लिनक्स टाकलंय आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला पण जरा बिचकतात त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मॉडेम चालू होताना चार गोष्टी एकामागोमाग व्हाव्या लागतात: कॉम्प्युटरला तो दिसला पाहिजे, मग तो मॉडेमच्या रूपात दिसला पाहिजे, मग त्याला सिम आणि टॉवर सापडला पाहिजे, आणि शेवटी एपीएन, म्हणजे सिमच्या कंपनीनं आपल्या नेटला दिलेलं नाव, बरोबर पाहिजे. नवीन माणूस काय करतो, दुसऱ्या पायरीवर अडकलेला असतो आणि चौथ्या पायरीचं सेटिंग बदलत बसतो, दोन तास जातात, मग वैतागून अख्खं लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करतो आणि परत तिथंच येऊन अडकतो. तसं करू नका. पहिल्यापासून सुरुवात करा, जिथं अडेल तिथंच थांबा, तेवढंच दुरुस्त करा, मग पुढं.

कमांडबद्दल एक सांगतो. इथं मी त्या देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात टाकायच्या, जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय. आकडे पण स्क्रीनवर इंग्रजीतच दिसतील. टर्मिनल उघडायचं कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून.

डोंगल लावायच्या आधी

सिम आधी एखाद्या फोनमध्ये घालून बघा. नेट चालतंय का, बॅलन्स आहे का, आणि सिमला पिन लावलेला असेल तर तो फोनमध्येच काढून टाका. पिन तीनदा चुकला की सिम लॉक होऊन पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतं आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं, त्यामुळं अंदाजानं पिन टाकत बसू नका.

दुसरं म्हणजे सिमचा आकार. जुन्या डोंगलचा खण मोठ्या सिमचा असतो आणि आपल्याकडं आता सगळी नॅनो सिम. अॅडॉप्टर वापरा, दहा-वीस रुपयांचं प्लास्टिक आहे ते. नुसतं नॅनो सिम आत सरकवलं तर ते तिरकं होऊन आतल्या पिनांत अडकतं, आणि ओढून काढताना पिना वाकतात. अॅडॉप्टरमध्ये सिम नीट सपाट बसलंय ना ते बोट फिरवून बघा, कड वर आलेली लागली तर मागून पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, सोनेरी भागावर नाही.

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. तुमचा डोंगल ३जीचा आहे की ४जीचा ते बघा. जिओचं नेटवर्क २०१६ ला सुरू झालं ते फक्त ४जीवर, २जी-३जी त्यांच्याकडं कधी नव्हतंच, म्हणजे ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम घालून कितीही कमांड मारल्या तरी टॉवर मिळणार नाही, लिनक्स असो नाहीतर विंडोज. एअरटेलनं पण ३जी बंद केलंय, तिथं तुमचा ३जी डोंगल २जीवर जाऊन पडणार आणि मेल उघडायला पण दम लागणार. नवीन घेणार असाल तर ४जीचाच घ्या आणि घेताना बँड, म्हणजे तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते, बघा, कारण एकाच नावाचं मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडचं बनतं. जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. युरोपसाठीचा माल कुणी स्वस्तात देत असेल तर त्यात २३००, म्हणजे बँड ४०, नसतो बऱ्याचदा. कोल्हापुरात राजारामपुरीत वगैरे सेकंडहँड घेताना डोंगलच्या पाठीवरचा मॉडेल नंबर पूर्ण वाचा, शेवटच्या डॅशनंतरचे तीन आकडे पण, बँड त्यावरनंच कळतो.

कॉम्प्युटरला दिसतोय का

डोंगल लावायच्या आधी टर्मिनलमध्ये टाका: सुडो डीएमईएसजी, स्पेस, डॅश डब्ल्यू. पासवर्ड मागेल, टाइप करताना काही दिसत नाही पण जातो आत, एंटर मारा. बऱ्याच ओळी येतील, त्या सोडून द्या. आता डोंगल लावा. लावल्या लावल्या खाली नवीन ओळी पडायला पाहिजेत, "न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस" अशा काहीतरी. हुआवेच्या डोंगलला दिवा असतो, तो हिरवा दोन-दोनदा लुकलुकायला लागला म्हणजे वीज पोचली.

एकही ओळ आली नाही, दिवा पण नाही, तर हे सॉफ्टवेअरचं दुखणं नाहीच. दुसऱ्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टला न लावता मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. ओळी येतात पण लगेच "डिस्कनेक्ट" येतं, परत जोडला जातो, परत तुटतो, असं चाललं असेल तर वीज कमी पडतीय. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा, ज्याच्या आतलं प्लास्टिक बहुतेक निळं असतं, तो ९००. टॉवर लांब असला की मॉडेम जास्त जोर लावतो आणि जास्त वीज ओढतो. आमच्याकडं गगनबावड्याच्या बाजूला एका घरी हेच व्हायचं, पावसात तर हमखास. शेवटी स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब लावला आणि तुटणं थांबलं.

दिसतोय म्हटल्यावर कंट्रोल-सी दाबून ते थांबवा आणि टाका एलएसयूएसबी. यादी येईल, त्यात माउस, कॅमेरा, ब्लूटूथ सगळं असतं. हुआवेची ओळ १२डी१ नं सुरू होते, झेडटीईची १९डी२ नं. त्या पुढं विसर्गासारखं चिन्ह आणि मग चार अक्षरं. ती चार अक्षरं वहीत लिहून ठेवा, आता सगळा खेळ त्यावर आहे.

मॉडेम की सीडी

इथं नव्वद टक्के लोक अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

डोंगल बनवणाऱ्यांनी विंडोजवाल्यांची सोय बघितली. सोबत ड्रायव्हरची सीडी द्यायला नको म्हणून त्यांनी डोंगलच्या आतच एक खोटी सीडी ठेवली. लावल्यावर तो आधी सांगतो की मी सीडी ड्राइव्ह आहे. विंडोज त्यातनं ड्रायव्हर घालतं, मग तो ड्रायव्हर डोंगलला एक ठराविक संदेश पाठवतो, आणि तो संदेश मिळाला की डोंगल एकदा तुटून परत जोडला जातो, यावेळी मॉडेम म्हणून. लिनक्समध्ये ती सेटअप फाईल चालत नाही, चालवायची गरज पण नाही, फक्त तो संदेश कुणीतरी पाठवायला लागतो. ते काम करणारा प्रोग्राम म्हणजे यूएसबी मोडस्विच. योझुआ डीट्झे नावाच्या जर्मन माणसानं तो लिहिला आणि शेकडो डोंगलचे संदेश त्यात गोळा केलेत. आपल्यासारख्यांचं केवढं काम त्या माणसानं फुकट करून ठेवलंय.

हा प्रोग्राम असला की डोंगल लावल्यावर दोन-चार सेकंदात सगळं आपोआप होतं. मामाच्या पोरीचा डोंगल ई१५५०, तिच्या यादीत १२डी१:१४४६ दिसत होतं. हा १४४६ म्हणजे सीडीच्या रूपातला हुआवे. मॉडेम झाला की तोच आकडा १००१, १४०सी किंवा १४३६ असा काहीतरी होतो, मॉडेलप्रमाणं. झेडटीईचा २००० असला की तो पण सीडीच्याच रूपात आहे. मुद्दा एवढाच की आकडा बदलला पाहिजे. मिनिटभर थांबून परत एलएसयूएसबी टाका, आकडा तोच असेल तर मोडस्विच झालेलं नाही.

मग बघायचं की प्रोग्राम आहे का. उबंटू, मिंट, डेबियनमध्ये: सुडो एपीटी इन्स्टॉल, पुढं यूएसबी-मोडस्विच, मधे डॅश. पॅकेजच्या नावात डॅश असतो आणि कमांडच्या नावात अंडरस्कोर, यात लोक फार फसतात. फेडोरात पॅकेजच्या नावात पण अंडरस्कोरच. सोबत मॉडेममॅनेजर, म्हणजे मॉडेम सांभाळणारा प्रोग्राम, पण टाकून घ्या, ते पुढं लागणार आहे, सगळी लहान अक्षरं जोडून.

आता तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर इन्स्टॉल कुठनं करू? बरोबर आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग असतं ते चालू करा. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच असतो, काही टाकावं लागत नाही, दहा सेकंदात वायर्ड कनेक्शन म्हणून नेट येतं. केबल मात्र डेटाची पाहिजे, नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलला टेदरिंगचं बटण दाबताच येत नाही, मंद दिसतं ते. मामाची पोरगी माळ्यावर फोन घेऊन बसली, एका काडीवर ते पॅकेज उतरायला चार मिनिटं लागली, पण उतरलं.

इन्स्टॉल झाल्यावर डोंगल काढून परत लावा. तिचा इथंच झाला, १४४६ चा १००१ दिसला आणि तिकडनं पोरगी ओरडली, "दादा, आकडा बदलला!"

नाही बदलला तर हातानं करायचं. सोपा उपाय आधी: ती खोटी सीडी बाहेर काढा, म्हणजे सुडो इजेक्ट, स्पेस, तिरकी रेघ, डेव्ह, तिरकी रेघ, एसआर०. बऱ्याच झेडटीईला एवढंच पुरतं. लॅपटॉपला खरी सीडी ड्राइव्ह असेल तर एसआर० म्हणजे ती असते आणि डोंगल एसआर१ असतो, नाहीतर कमांड मारल्यावर लॅपटॉपचा ट्रे बाहेर येईल आणि डोंगल तसाच राहील. हुआवेला मोडस्विचची थेट कमांड: सुडो यूएसबी अंडरस्कोर मोडस्विच, मग डॅश व्ही १२डी१, डॅश पी १४४६, डॅश मोठा जे. जे म्हणजे हुआवेचा नवीन संदेश. जुन्या मॉडेलला जेच्या जागी मोठा एच चालतो. दोन्ही करून बघायला काही हरकत नाही, नाही लागला तर डोंगल काढून परत लावला की पहिल्यासारखा होतो.

मॉडेम झाला, पण कुठल्या जातीचा

मोडस्विच झाल्यावर परत डीएमईएसजी बघा. जुन्या ३जी डोंगलला "जीएसएम मॉडेम १-पोर्ट कन्व्हर्टर" अशी ओळ आणि शेवटी टीटीवाय यूएसबी०, १, २ अशी नावं दिसतात. हे ऑप्शन नावाच्या ड्रायव्हरनं दिलेले सिरियल पोर्ट. आकडा बदलला पण टीटीवाय नाही आले तर सुडो मॉडप्रोब ऑप्शन असं एकदा टाकून बघा.

थोडे नवीन असतात त्यांना डब्ल्यूवॅन० आणि सीडीसी-डब्ल्यूडीएम० दिसतं. त्यांचा क्यूएमआय ड्रायव्हर २०१२ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तिथं वेगळं काही करायचं नसतं.

आणि तिसरी जात म्हणजे ज्यांच्या आत अख्खा राउटरच असतो, हुआवेचे हायलिंक किंवा वायफायवाले डोंगल. हे लिनक्सला नुसतं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. लावला की नेट, टर्मिनल पण उघडायला नको. पिन, एपीएन काही बदलायचं असेल तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, हुआवेचं १९२.१६८.८.१ असतं, दुसऱ्या कुठल्याचं माहीत नसेल तर आयपी राउट कमांड टाका, डिफॉल्टच्या ओळीत जो पत्ता येईल तो. यांना पुढची एमएमसीएलआयची पायरी लागत नाही, थेट शेवटच्या "चालू झाल्यावर" या भागाकडं या. नवख्या माणसासाठी खरेदी करायचीच असेल तर मी डोळे झाकून हीच जात सांगतो.

सिम आणि टॉवर

बाकीच्यांनी आता टाकायचं एमएमसीएलआय, स्पेस, डॅश मोठा एल. मॉडेममॅनेजरला जो मॉडेम सापडला त्याची ओळ येते, शेवटी कंपनी आणि मॉडेल, आणि पत्त्याच्या टोकाला एक आकडा, बहुतेक ०. "नो मोडेम्स" आलं तर घाई करू नका, लावल्यानंतर तीस-चाळीस सेकंद तो प्रत्येक पोर्ट तपासत बसतो.

मग एमएमसीएलआय, डॅश एम, ०. मोठा तक्ता येतो, घाबरून जाऊ नका, त्यातल्या तीन ओळी बघायच्या. लॉकची ओळ: तिथं सिम-पिन असेल तर पिन काढायचा राहिलाय, पीएच-नेट-पिन असेल तर डोंगल एका कंपनीला बांधलेला आहे, आपल्याकडं कंपन्यांनी विकलेले बरेच डोंगल तसे असतात, दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालायला अनलॉक कोड लागतो. तो कोड टाकायच्या संधी मोजक्या असतात, हुआवेला साधारण दहा, तेव्हा कुठलाही सापडलेला कोड मारत बसू नका. दुसरी ओळ स्टेटची: सर्चिंग म्हणजे टॉवर शोधतोय, रजिस्टर्ड म्हणजे सापडला. तिसरी सिग्नलची टक्केवारी.

सर्चिंगवरच अडकला तर डोंगल हलवा. खरंच हलवा, लॅपटॉपला चिकटून असलेला डोंगल बऱ्याचदा टेबलाखाली, भिंतीकडं तोंड करून असतो. दीड-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल खिडकीत नेऊन ठेवा. जुन्या दगडी भिंती आणि वर पत्रा, या दोन्हीतनं सिग्नल फार मरतो, आपल्या गावाकडच्या घरांत दोन्ही असतात. केबल लांबवत पाच मीटरच्या पुढं नेऊ नका, यूएसबी २ ची मर्यादा तेवढीच आहे, आणि बारीक स्वस्त केबल दोन मीटरलाच वीज खाते. पोरीनं केबल माळ्याच्या खिडकीच्या गजाला बांधली, टक्केवारी १९ वरनं ५१ झाली, लॅपटॉप होता तिथंच.

एपीएन

आता सोपं आहे. मिंट किंवा उबंटूत नेटवर्क कनेक्शन्स उघडा, अधिकच्या चिन्हावर क्लिक, मोबाईल ब्रॉडबँड निवडा, देश इंडिया, कंपनी निवडा. यादी जुनी असू शकते म्हणून एपीएन आपल्या हातानं तपासा: बीएसएनएलला बीएसएनएलनेट, जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीआयला नुसतं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. सगळं लहान अक्षरात, आधी-नंतर स्पेस नको. युजरनेम-पासवर्ड रिकामं. नंबर विचारलाच तर स्टार नव्व्याण्णव हॅश.

टर्मिनलमधनं करायचं तर: एनएमसीएलआय कनेक्शन अॅड टाइप जीएसएम, आयएफनेम अवतरणचिन्हात स्टार, कॉन-नेम डोंगल, एपीएन बीएसएनएलनेट. मग एनएमसीएलआय कनेक्शन अप डोंगल. दिवा लुकलुकायचा थांबून एकसारखा राहिला म्हणजे जोडलं गेलं, हिरवा असेल तर २जी, निळा असेल तर ३जी. पोरीचा निळा होता.

जोडलं गेलंय म्हणतंय पण साइट उघडत नाही, तर पिंग ८.८.८.८ करून बघा. उत्तर आलं आणि तरी साइट नाही म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधणारी सोय, अडलंय, कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डीएनएसला ८.८.८.८ टाका. पिंगलाच उत्तर नाही तर एपीएन किंवा रिचार्ज, दोन्हीपैकी एक, आणि दहातल्या सात वेळा रिचार्ज.

तरी अडलं तर मॉडेमशी थेट बोला

हे सगळ्यांना लागत नाही, पण मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. या एवढ्याशा डोंगलला अजून तीच भाषा कळते जी १९८१ मध्ये हेज कंपनीनं टेलिफोन लाइनच्या स्मार्टमोडेमसाठी बनवली, एटी कमांड. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते डायलअप मॉडेम पण हीच भाषा बोलायचे.

आधी मॉडेममॅनेजर थांबवा, नाहीतर दोघं एकाच पोर्टवर भांडतात आणि "बिझी" येतं: सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप मॉडेममॅनेजर, इथं दोन्ही एम मोठे. मग सुडो स्क्रीन, स्पेस, तिरकी रेघ डेव्ह तिरकी रेघ टीटीवाययूएसबी२, स्पेस, ११५२००, टीटीवाय लहान आणि यूएसबी मोठ्या अक्षरात. स्क्रीन नसेल तर एपीटीनं टाकून घ्या. ० आणि २ नंबर बोलतात, १ नंबर बऱ्याचदा कंपनीच्या तपासणीसाठी असतो आणि गप्प बसतो, त्याला बिघाड समजू नका.

आता नुसतं एटी टाइप करून एंटर. ओके आलं? मग मॉडेम शंभर टक्के जिवंत आहे, पुढं जे काय दुखणं असेल ते सिमचं नाहीतर टॉवरचं. एटी अधिक सीपीआयएन प्रश्नचिन्ह टाका, रेडी आलं की सिम नीट बसलंय, एरर आली तर सिम काढून पुसून बसवा. एटी अधिक सीएसक्यू टाका, उत्तरात दोन आकडे येतात, पहिला बघा. ० ते ३१ मध्ये असतो, १० च्या खाली रखडणार, १५ च्या वर बरं, ९९ म्हणजे सिग्नल कळतच नाही. डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या नेहमीच्या मापात, पाहिजे असेल तर आकडा दुप्पट करून त्यातनं ११३ वजा करा, म्हणजे १५ ला उणे ८३. एटी अधिक सीआरईजी प्रश्नचिन्ह टाकलं की स्वल्पविरामानंतर १ आला तर आपल्या टॉवरवर नोंद झालीय, ५ आला तर रोमिंगवर, २ आला तर अजून शोधतोय आणि ३ आला तर नेटवर्कनं नाकारलंय. ३ आला की लिनक्सला दोष देऊ नका, सिम बंद पडलेलं असेल, कंपनीकडं जा.

बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग के, मग वाय. आणि मॉडेममॅनेजर परत स्टार्ट करायला विसरू नका, स्टॉपच्या जागी स्टार्ट. ते राहिलं की दुसऱ्या दिवशी डोंगल लावला तर काहीच दिसत नाही आणि माणूस परत पहिल्यापासून शोधत बसतो.

चालू झाल्यावर

लिनक्स अपडेट गुपचूप उतरवतं आणि दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपतो. कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवा: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय डोंगल, कनेक्शन डॉट मीटर्ड, येस. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेट पण बंद करा, शहरात आला की वायफायवर करून घ्या.

बॅटरी वाचवायला टीएलपी टाकलं असेल तर ते रिकाम्या यूएसबीला झोपवतं आणि डोंगल दहा-पंधरा मिनिटांनी मरतो. त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये यूएसबी एक्सक्लूड डब्ल्यूवॅन नावाची ओळ आहे, तिथं १ करा.

आणि घरात एकच डोंगल, माणसं चार, तर लॅपटॉपचं वायफाय रिकामंच असतं: एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय हॉटस्पॉट, एवढी एक कमांड, पासवर्ड तो स्वतः बनवतो, बघायला एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय शो-पासवर्ड, क्यूआर कोड पण येतो टर्मिनलमध्येच, फोननं स्कॅन करायचा. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतलं ब्रॉडबँड कितीतरी दिवस बंद होतं, शिरोलीपाशी हायवेवर पाणी, गावाबाहेर जाता येत नव्हतं, त्यावेळी जिन्यातल्या खिडकीत लटकवलेल्या एका डोंगलवर आणि असल्याच हॉटस्पॉटवर आमच्या इमारतीतली सगळी घरं पुण्या-मुंबईच्या पोरांना आम्ही बरे आहोत म्हणून कळवत होती. लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवला होता आणि झाकण मिटलं तरी झोपू नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकणाच्या पर्यायाला "काही करू नको" असं ठेवलं होतं. तेवढं सेटिंग तुम्ही पण आजच करून ठेवा, नाहीतर कुणीतरी चालता चालता झाकण मिटतं आणि सगळ्यांचं नेट जातं.